बार्शीटाकळीहून दोन दिवस : बालाघाट सायकलने, मेळघाट पायी

प्रतिनिधी
बार्शीटाकळी

वऱ्हाड म्हटले की डोळ्यांपुढे उभी राहते ती काळीभोर जमीन, कपाशीची शेते आणि वैशाखातले भाजून काढणारे ऊन. डोंगर सहसा आठवत नाहीत. गिरिभ्रमण म्हणजे सह्याद्री, आणि सह्याद्री म्हणजे पुणे-नाशिककडच्या मंडळींचा प्रांत, अशी आपली समजूत झालेली असते. त्यामुळे येथील हौशी तरुण शनिवार-रविवारची सुटी साधून रात्रीच्या गाडीने पश्चिमेकडे निघतात. प्रत्यक्षात बार्शीटाकळीच्या दक्षिणेला सायकलने तास-दीड तासाच्या अंतरावर डोंगर सुरू होतो, आणि उत्तरेला अकोटच्या पलीकडे सातपुड्याची निळी भिंत उभी आहे. दोन दिवसांत या दोन्ही डोंगरांना भेट देणे शक्य आहे. मात्र त्यासाठी काही गोष्टी आधी समजून घ्याव्या लागतात. सह्याद्रीतील सवयी येथे जशाच्या तशा चालत नाहीत.

तीन घाटांचा मुलूख

जुन्या कागदपत्रांत वऱ्हाडचे तीन भाग सांगितले आहेत. उत्तरेकडील सातपुड्याचा डोंगराळ भाग तो मेळघाट, पूर्णा नदीच्या खोऱ्यातील सपाट मैदान ते पयनघाट आणि दक्षिणेकडील उंच पठार तो बालाघाट. अजिंठ्याच्या डोंगररांगेचे पूर्वेकडे पसरलेले फाटे या पठाराच्या कडेवर येतात. बार्शीटाकळी तालुका पयनघाट आणि बालाघाट यांच्या सीमेवर वसलेला आहे. अकोल्याकडून येणारी सपाट वाट येथून पुढे हळूहळू चढणीला लागते. गावापासून दक्षिणेला काटेपूर्णा नदीचे खोरे आणि त्याभोवतीच्या जंगल असलेल्या टेकड्या आहेत.

या तीन भागांना जोडणारा एक धागा एके काळी बार्शीटाकळीच्या स्थानकावरूनच जात असे. पूर्णा, अकोला, अकोट ते खांडवा हा मीटरगेजचा मार्ग बालाघाट उतरून पयनघाट ओलांडी आणि मेळघाटच्या जंगलातून सातपुडा पार करी. पूर्णा ते अकोला हा भाग २००८ मध्ये ब्रॉडगेज झाला. अकोटपुढील जंगलातील मीटरगेज वाहतूक २०१७ मध्ये थांबली. व्याघ्र प्रकल्पातून मोठी रेल्वे न्यावी की तिला वळसा द्यावा, यावर बराच काळ वाद झाला. अकोला-अकोट ब्रॉडगेज गाडी २०२२ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. म्हणजे आज रेल्वेने अकोटपर्यंत जाता येते. पुढचा सातपुडा रस्त्याने आणि पायी गाठावा लागतो.

चालण्याची परंपरा नवी नाही

पदभ्रमण मंडळ ही कल्पना मूळची युरोपातील. ब्रिटनमध्ये अशी शेकडो मंडळे आहेत. शुक्रवारी संध्याकाळी एकत्र निघायचे, दोन दिवस डोंगर चढायचे, सायकली फिरवायच्या आणि रविवारी रात्री परतायचे, हा त्यांचा क्रम. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील आरन हे बेट यासाठी विशेष प्रसिद्ध आहे. फेरीबोटीने ब्रॉडिक बंदरात उतरायचे, एक दिवस बेटाभोवतीचा सुमारे ९० किलोमीटरचा रस्ता सायकलने घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी ८७४ मीटर उंचीचा गोटफेल चढायचा. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्या प्रत्येकाला बहुतेक मोकळ्या जमिनीवरून पायी वा सायकलने जाण्याचा हक्क दिला आहे. तेथील मंडळे डोंगराच्या मालकाची परवानगी विचारत बसत नाहीत, ती या हक्कामुळे.

आपल्याकडे असा सरसकट हक्क नाही. पण चालण्याची परंपरा आहे, आणि ती भक्कम आहे. श्रावणातील अखेरच्या सोमवारी अकोल्यातील हजारो तरुण गांधीग्रामला पूर्णेचे पाणी भरतात आणि कावड खांद्यावर घेऊन राजराजेश्वराच्या मंदिरापर्यंत सुमारे सतरा-अठरा किलोमीटर अनवाणी चालत येतात. शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनासाठी अकोल्याहून पायी जाणाऱ्यांची रीघ वर्षभर असते. श्रावणातच मेळघाटातील धारगडच्या महादेवाला भाविक जंगलवाटेने जातात. या सगळ्या चालण्यात एक व्यवस्था असते. पुढे कोण, मागे कोण, पाणी कोणाकडे, थकलेल्याला कोण सांभाळणार, हे न सांगता ठरलेले असते. कावडीत मागे राहिलेल्याला सोडून कोणी पुढे जात नाही. वऱ्हाडी माणसाला गिरिभ्रमणासाठी बाहेरून फार काही शिकायचे नाही. नवसाच्या वाटेवरील ही शिस्त सुटीच्या वाटेवरही पाळायची, एवढेच त्याला करायचे आहे.

पहिला दिवस : सायकल आणि काटेपूर्णा

सुरुवात गावातूनच करावी. बार्शीटाकळी येथील देवीचे प्राचीन देवालय हे अकोला जिल्ह्यातील मध्ययुगीन स्थापत्याचे महत्त्वाचे उदाहरण आहे. जुन्या पुरातत्त्वीय नोंदींत ते भवानी मंदिर म्हणून येते; गावकरी त्याला कालंका देवीचे मंदिर म्हणतात. येथील शिलालेख शके १०९८ चा, म्हणजे इसवी सन ११७६ च्या सुमाराचा आहे. हेमाडपंती म्हणून सरसकट ओळखल्या जाणाऱ्या बांधणीचे हे मंदिर ज्यांच्या नावावरून ही संज्ञा रूढ झाली, त्या हेमाद्रिपंडितांच्याही सुमारे शंभर वर्षे आधीचे आहे. सकाळच्या तिरप्या उन्हात भिंतीवरील कोरीवकाम उठून दिसते. सायकलस्वारांनी येथे अर्धा तास थांबायला हरकत नाही.

त्यानंतर मंगरूळपीरच्या दिशेने महानचा रस्ता धरावा. अंतर पंधरा-वीस किलोमीटरचे. नवख्या सायकलस्वारालाही हे झेपते. ताशी बारा ते पंधरा किलोमीटर हा वेग पुरेसा आहे. चढ अंगावर येत नाही; तो पायांना कळतो, डोळ्यांना दिसत नाही. त्यामुळे सुरुवातीलाच जोर लावणारे पुढे दमतात. गियरची महागडी सायकल हवीच असे नाही. चाके सरळ, ब्रेक घट्ट आणि सीटची उंची योग्य असेल तर साधी सायकलही चालते.

वऱ्हाडातील रस्त्यांवर सायकलस्वाराचे तीन शत्रू आहेत. पहिला बाभळीचा काटा. धुऱ्यावरच्या बाभळी छाटल्या की काटे रस्त्यावर पसरतात आणि ट्यूबमध्ये शिरतात. प्रत्येक चार सायकलींमागे पंक्चर काढण्याचे साहित्य, एक जादा ट्यूब आणि हवा भरण्याचा पंप हवाच. दुसरी शत्रू म्हणजे काळी माती. पाऊस होऊन गेला की डांबरी रस्ता सोडून शेतरस्त्याला लागू नये. चिखल चाकाला आणि मडगार्डला असा चिकटतो की सायकल खांद्यावर घेऊन चालावे लागते. तिसरा शत्रू हंगामी. दिवाळीनंतर कापसाने भरलेले ट्रॅक्टर आणि ट्रक रस्त्यावर असतात. गाठोडी दोन्ही बाजूंना बाहेर आलेली असतात आणि चालकाला मागचे दिसत नाही. एका रांगेत, रस्त्याच्या कडेने चालवावे. अंधार पडण्यापूर्वी मुक्कामी पोहोचावे.

महान येथे काटेपूर्णा नदीवर धरण आहे. अकोला शहराच्या नळाला येणारे पाणी मुख्यत्वे या जलाशयातून येते. धरणाच्या भिंतीपलीकडे पाण्याचा विस्तार आणि त्याला लागून काटेपूर्णा वन्यजीव अभयारण्य आहे. १९८८ मध्ये घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे ७४ चौरस किलोमीटरचे असून अकोला आणि वाशीम या दोन जिल्ह्यांत पसरलेले आहे. कोरडे पानगळीचे जंगल, त्यात साग आणि सालई. चौशिंगा आणि भेकर ही येथील खास ओळख. चौशिंगा हा चार शिंगांचा लहानखुरा मृग बुजरा असतो. गोंगाट करणाऱ्या टोळक्याला तो कधीच दिसत नाही. हिवाळ्यात जलाशयावर स्थलांतरित पाणपक्षी उतरतात.

येथे आल्यावर सायकल बाजूला ठेवायची. अभयारण्यात वनविभागाची परवानगी आणि प्रवेशशुल्क आवश्यक आहे. कोणत्या वाटेने पायी फिरता येईल आणि किती वाजेपर्यंत, हे नाक्यावर विचारूनच ठरवावे. भोवतालच्या टेकड्यांवर पडणारा पाऊस झाडांच्या मुळांशी थांबतो आणि झिरपत जलाशयाकडे येतो. झाडे गेली तर पाण्याबरोबर मातीही येईल आणि धरण गाळाने भरेल. अकोल्यात आठवड्या-आठवड्याने नळ आल्याच्या आठवणी जुन्या नाहीत. सुटीला आलेल्या माणसाने टाकलेली प्लास्टिकची बाटली शेवटी आपल्याच माठाच्या दिशेने निघते, हे येथे उभे राहिले की समजावून सांगावे लागत नाही.

मधला मुलूख : पयनघाटाचे खारे पाणी

रात्रीच्या मुक्कामाला बार्शीटाकळी वा अकोल्यास परतावे. दुसऱ्या दिवसासाठी सायकलीचा हट्ट धरू नये. बार्शीटाकळीहून नरनाळ्याचा पायथा ऐंशी किलोमीटरच्या आसपास आहे. तेवढी सायकल चालवून गड चढणे आणि त्याच दिवशी परतणे अनुभवी सायकलपटूलाही जड जाते. पहाटे वाहनाने किंवा रेल्वे आणि एसटीने अकोट गाठावे.

ज्यांना तरीही हा टप्पा सायकलने करायचा आहे, त्यांनी स्वतंत्र दिवस राखावा आणि पाण्याचा हिशेब आधी करावा. पूर्णेच्या दोन्ही काठांवरचा पट्टा खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. येथे भूगर्भातील पाणीच खारे आहे. बोअरला पाणी असते, पण ते पिऊन तहान भागत नाही, आणि सवय नसलेल्याचे पोट बिघडते. या भागातील गावकरी पिढ्यान्‌पिढ्या गोड्या पाण्यासाठी झगडत आले आहेत. पाहुण्याने त्यांच्या रांजणावर भार टाकण्यापेक्षा अकोल्याहूनच पाणी भरून घ्यावे.

दुसरा दिवस : नरनाळा

अकोट तालुक्यातील शहानूर हे नरनाळ्याच्या पायथ्याचे गाव. गडाची समुद्रसपाटीपासूनची उंची तीन हजार फुटांहून अधिक आहे. आरनचा प्रसिद्ध गोटफेल त्याहून कमी उंचीचा. मात्र गोटफेलची चढाई थेट समुद्रकिनाऱ्यापासून सुरू होते, तर आपले अकोल्याचे मैदानच २८० मीटरच्या आसपास आहे. तरीही चढ दमवणारा आहे आणि उन्हात तो दुप्पट वाटतो.

गड तीन भागांचा. मधला मोठा नरनाळा, पूर्वेला जाफराबाद आणि पश्चिमेला तेलियागड. बहामनी सुलतान अहमदशहा याने पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात एलिचपूरला मुक्काम असताना गाविलगड बांधला आणि नरनाळ्याची दुरुस्ती केली, असे फेरिस्ता लिहितो. दुरुस्ती म्हटले आहे, म्हणजे गड त्याहून जुना आहे. गडावरील सर्वांत देखणी वास्तू म्हणजे महाकाली दरवाजा. पांढुरक्या दगडातील या दरवाजावर कमळे, सज्जे आणि अरबी-फारसी अक्षरांची नक्षी आहे. त्यावरील लेख १४८७ सालचा. बहामनी सुलतान महमूदशहाचा वऱ्हाडातील सुभेदार फतहउल्ला इमाद-उल-मुल्क याच्या काळातील हे काम. पुढे याच फतहउल्लाने वऱ्हाडची इमादशाही स्थापन केली. काळ्या बेसाल्टच्या गडात हा उजळ दगड आणून इतक्या उंचीवर चढवणाऱ्या हातांचा विचार महाकाली दरवाजासमोर उभे राहिल्यावर आपोआप मनात येतो.

गडावर राणीमहाल, तेला-तुपाची टाकी, नऊगजी तोफ आणि शक्कर तलाव पाहण्यासारखे आहेत. एवढ्या उंचीवर लोकवस्ती तगली ती तलाव आणि टाक्यांमुळे. पावसाचे पाणी अडवून वर्षभर पुरवण्याची ती व्यवस्था पाहिल्यावर पायथ्याच्या खारपाणपट्ट्याची आठवण येते.

इतिहासात रस असलेल्यांनी परतताना तेल्हारा तालुक्यातील अडगाव लक्षात ठेवावे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी येथे आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याचा पराभव केला. त्यानंतर अवघ्या सोळा दिवसांत, १५ डिसेंबरला, चिखलदऱ्याजवळचा गाविलगड पडला. तोफा ओढत डोंगरवाट तुडवणाऱ्या त्या फौजेच्या मार्गाचा अभ्यास हा एका वेगळ्या पदभ्रमणाचा विषय होऊ शकतो.

हे कोणाचे घर?

नरनाळा हा केवळ किल्ला नाही. १९९७ मध्ये तो परिसर अभयारण्य घोषित झाला आणि आज तो मेळघाट व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. मेळघाट हा देशात १९७३-७४ मध्ये सर्वप्रथम निवडलेल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. येथे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागू होतो. शहानूरच्या प्रवेशद्वारावर नोंद, शुल्क आणि स्थानिक मार्गदर्शक या गोष्टी टाळता येत नाहीत. पायी कोठवर सोडायचे आणि वाहनाने कोठून जायचे, हे वनविभाग ठरवतो. हंगामाप्रमाणे आणि वाघाच्या वावराप्रमाणे हे नियम बदलतात. सायकल घेऊन जंगलवाटेला शिरण्याचा तर विचारही करू नये. आवाज न करता वेगाने येणारी सायकल अस्वलाला अचानक सामोरी गेली तर काय होईल, हे सांगायला नको.

या नियमांविषयी कुरकुर करणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. वाघाला निवांत जागा मिळावी म्हणून याच जंगलातील केलपाणी, गुल्लरघाट, धारगड यांसारखी गावे उठवून अकोट-तेल्हाऱ्याकडील मैदानात वसवण्यात आली. पिढ्यान्‌पिढ्या डोंगरात राहिलेल्या कोरकू आणि इतर आदिवासी कुटुंबांना खाली सपाटीवर यावे लागले. शेती, पाणी, रोजगार आणि आरोग्य यांबाबतच्या त्यांच्या तक्रारी वाढत गेल्या. काही कुटुंबे पुन्हा जंगलात परतली आणि जानेवारी २०१९ मध्ये ग्रामस्थ व वनकर्मचारी यांच्यात हिंसक संघर्षही झाला. ज्या डोंगरासाठी कोणी आपले घर सोडले, त्या डोंगरावर आपण दोन तासांच्या विरंगुळ्यासाठी जातो. तेथे मद्याच्या बाटल्या फोडणे, कर्णकर्कश गाणी लावणे वा शिलालेखावर नावे खरडणे हा नियमभंग आहेच. ज्यांचे घर गेले त्यांचा आणि ज्याला ते दिले त्या वाघाचा तो अपमानही आहे.

व्यवहाराच्या बाजूनेही हे महत्त्वाचे आहे. एका बेशिस्त टोळक्यामुळे वाट सर्वांसाठी बंद होते. ती पुन्हा उघडायला वर्षे लागतात.

गट कसा बांधावा?

गट बारा ते पंधरा जणांपेक्षा मोठा नसावा. पुढे वाट माहीत असलेला, मागे सर्वांत संयमी माणूस. मागच्याच्या मागे कोणी राहता कामा नये आणि पुढच्याच्या पुढे कोणी जाता कामा नये. या एका नियमाने निम्मे अपघात टळतात. मेळघाटात मोबाइलला रेंज मिळेलच असे नाही. म्हणून परतण्याची वेळ घरी आणि प्रवेशद्वारावर सांगून ठेवावी. प्रत्येकाजवळ शिट्टी असावी. पैसे घेऊन सहली नेणाऱ्या संस्थांसाठी राज्य शासनाने २०१८ मध्ये सुरक्षिततेचे नियम केले आणि २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणले. अशा संस्थेबरोबर मुलांना पाठवताना तिची नोंदणी, प्रथमोपचार जाणणारा माणूस आणि विमा यांची चौकशी पालकांनी नि:संकोच करावी.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून येथील ऊन वाढत जाते आणि मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. त्या काळात गड चढणे म्हणजे उष्माघाताला आमंत्रण. हिवाळ्यातही माणशी तीन लिटर पाणी हवे. घाम येणे थांबले, बोलणे अडखळू लागले, चाल डगमगली, तर त्या माणसाला ताबडतोब सावलीत घेऊन ओल्या कापडाने अंग पुसावे आणि रुग्णालय गाठावे. साप चावल्यास जखम कापणे, दोरीने आवळणे वा मांत्रिकाकडे नेणे यात वेळ दवडू नये. हालचाल कमी ठेवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी.

शिदोरीला ज्वारीची भाकरी, ठेचा, भुईमुगाचे दाणे आणि गूळ याला तोड नाही. चिप्सच्या पाकिटांपेक्षा हे स्वस्त, आणि मागे कचरा राहत नाही. हिवाळ्यात पानगे-रोडग्यांची पंगत घालण्याचा मोह वऱ्हाडी मंडळींना आवरत नाही, हे खरे. ती पंगत शेतात घालावी, जंगलात नव्हे. वाळलेल्या गवतात पडलेली एक ठिणगी संपूर्ण टेकडी जाळते. आग्या मोहळाखाली धूर वा अत्तराचा उग्र वास तर जिवावर बेतू शकतो.

ज्यांना नरनाळा झेपणार नाही, त्यांच्यासाठी पातूरचा पर्याय आहे. गावाजवळच्या टेकडीत कोरलेली प्राचीन लेणी आणि डोंगरावरील रेणुकामातेचे मंदिर ही दोन्ही ठिकाणे घरातील ज्येष्ठ आणि मुले यांच्यासह अर्ध्या दिवसात पाहून होतात.

दोन दिवसांनी माणूस घरी परततो तेव्हा त्याच्या पायांत बालाघाटाचा चढ असतो, जिभेवर पयनघाटाची तहान असते आणि डोळ्यांत मेळघाटाचे जंगल. आपण ज्या मुलखात राहतो तो असा तीन पायऱ्यांचा आहे, हे नकाशावरून कळत नाही. त्यासाठी तो पायाखालून जावा लागतो.

कसे जाल?

बार्शीटाकळी : अकोल्यापासून दक्षिणेला सुमारे वीस किलोमीटर. एसटी बस; अकोला-पूर्णा लोहमार्गावर स्थानक.

काटेपूर्णा अभयारण्य : बार्शीटाकळीहून महानमार्गे. परवानगी वनविभागाकडून.

नरनाळा : अकोला ते अकोट रेल्वेने वा एसटीने, पुढे शहानूरपर्यंत वाहनाने. प्रवेशाचे दिवस, वेळा आणि शुल्क यांची चौकशी निघण्यापूर्वी अकोट वन्यजीव विभागाकडे करावी. पावसाळ्यात पर्यटनाचे नियम बदलतात.

सोबत घ्यावे : ओळखपत्र, पाणी, शिदोरी, टोपी, विजेरी, शिट्टी, प्रथमोपचार पेटी, पंक्चरचे साहित्य आणि कचरा परत आणण्यासाठी एक रिकामी पिशवी.